रुपयाचे चिन्ह किती ठिकाणी लिहिले आहे?

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाच्या नव्या चिन्हाला मान्यता दिली. आयआयटी मुंबईत डिझाइन शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालून ते घडवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या ६.० आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि २०११ पासून ते नाण्यांवरही उमटू लागले. चिन्ह एवढेसे, पण पैशांशी संबंध असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे त्या दिवशी एक प्रश्न उभा राहिला: आपल्या प्रोग्रॅममध्ये 'रु.' ही अक्षरे किती ठिकाणी लिहिली आहेत?

ज्यांनी रक्कम दाखवण्याचे काम एकाच जागी सोपवले होते, त्यांना एक ओळ बदलून पुढच्या कामाला लागता येत होते. ज्यांच्या पावतीवर एक 'रु.', खातेउताऱ्यावर दुसरे, एसएमएसमध्ये तिसरे आणि छापील अहवालात चौथे, त्यांच्या नशिबी शोधाशोध होती. आणि अशा शोधात एखादी जागा हमखास सुटते. त्यात जुन्या फॉन्टमध्ये हे चिन्हच नव्हते, त्यामुळे तिथे नुसता रिकामा चौकोन दिसे. मग एक तात्पुरता उपाय निघाला. कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जी छोटी तिरकी खूण असते, तिच्या जागी रुपयाचे चित्र बसवलेला फॉन्ट आला. तो फॉन्ट असेल तिथे रुपया दिसे आणि नसेल तिथे रकमेआधी ती तिरकी खूण उमटे. आकडा बरोबर यायचा, पण तो कशाचा आकडा आहे ते हरवायचे.

सॉफ्टवेअरचा जो भाग माणसाला दिसतो आणि ज्याला माणसाचा हात लागतो, म्हणजे पडदे, बटणे, याद्या, सूचना, त्याला यूजर इंटरफेस म्हणतात. चार पडद्यांचा इंटरफेस कसाही बांधला तरी चालतो. चारशे पडदे, अनेक भाषा, नाना आकारांचे फोन आणि वर्षानुवर्षे बदलणारी माणसे यांना पुरून उरेल असा इंटरफेस बांधायचा, तर त्याची रचना मुळापासून विचारपूर्वक करावी लागते. पुढे काय बदलेल याचे भविष्य कोणालाच सांगता येत नाही. पण कोणती गोष्ट कुठे राहते हे पक्के ठरवता येते, आणि ही सगळी विद्या त्या एका निर्णयाभोवती फिरते.

बदल येतो कुठून?

मीर लेहमन या संगणकतज्ज्ञाने १९७४ मध्ये सॉफ्टवेअरच्या वाढीविषयी काही नियम मांडले. त्यातले दोन आजही तंतोतंत लागू पडतात. प्रत्यक्ष व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला सतत बदलत राहावे लागते, नाहीतर त्याचा उपयोग कमी कमी होत जातो. आणि ते बदलत असताना मुद्दाम आवर घातला नाही, तर त्यातली गुंतागुंत वाढत जाते. थोडक्यात, बदल टाळता येत नाही आणि फुकटही मिळत नाही.

आपल्याच राज्यातला एक साधा अर्ज घ्या. त्यात 'जिल्हा निवडा' अशी यादी असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि ३५ चे ३६ जिल्हे झाले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि प्रत्येक बिलाचा तक्ता बदलला. यातला एकही बदल कोणा प्रोग्रॅमरने ठरवलेला नव्हता. इंटरफेस समाजाला लागून उभा असतो. समाज हलला की त्याला हलावे लागते.

त्यातही एक बारकावा आहे. जुन्या कागदावर 'औरंगाबाद' लिहिलेले असेल तर ते चूक ठरत नाही. त्या तारखेला ते नाव खरेच होते. म्हणून शहाणी रचना जिल्ह्याला एक न बदलणारा क्रमांक देते आणि नाव त्या क्रमांकाला लटकवलेली पाटी मानते. पाटी बदलते, जिल्हा तोच राहतो. नावालाच ओळख मानणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र नाव बदलताच जुने अर्ज अनाथ होतात.

जे बदलेल ते झाका

या विचाराला शास्त्रशुद्ध रूप देणारा निबंध डिसेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक डेव्हिड पार्नास तेव्हा अमेरिकेतल्या कार्नेगी-मेलन विद्यापीठात होते. त्यांनी उदाहरण अगदी छोटे घेतले: शीर्षकांच्या यादीतली प्रत्येक ओळ घ्यायची, तिच्यातला एकेक शब्द पाळीपाळीने पुढे आणायचा आणि तयार झालेल्या सगळ्या ओळी वर्णानुक्रमे लावायच्या. ग्रंथालयातल्या शब्दसूचीसारखे हे काम.

असा प्रोग्रॅम दोन प्रकारे तोडता येतो, हे पार्नास यांनी दाखवले. पहिली रीत कोणालाही सुचेल अशी: आधी वाचन, मग शब्द फिरवणे, मग क्रम लावणे, मग छपाई, म्हणून पायरीगणिक एकेक भाग. दुसऱ्या रीतीत त्यांनी आधी विचारले की यातले कोणते निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे? आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवला. दोन्ही प्रोग्रॅम काम सारखेच करतात. फरक कळतो तो बदल आल्यावर. ओळी साठवण्याची पद्धत बदलायची म्हटली, तर पहिल्या रचनेत सगळ्याच भागांना हात घालावा लागतो, दुसऱ्या रचनेत एकाच भागाला.

पन्नास वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या मोबाइल ॲपला जसाच्या तसा लागू आहे. पडदा कोणत्या क्रमाने दिसतो त्यानुसार कोडचे तुकडे पाडले, की बदलाची झळ सगळ्यांना लागते. काय बदलू शकते त्यानुसार तुकडे पाडले, की झळ एका भिंतीआड राहते.

सत्य एका जागी, वाहतूक एकेरी

१९७८-७९ मध्ये ट्रिग्वे रीन्सकाउग हे नॉर्वेजियन संशोधक कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून होते. तिथे त्यांनी इंटरफेसची तीन भागांत वाटणी मांडली: मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर. मॉडेल म्हणजे विषयाची खरी माहिती, व्ह्यू म्हणजे ती दाखवण्याची रीत, आणि कंट्रोलर म्हणजे माणसाकडून येणारी आज्ञा ऐकणारा. खात्यातली शिल्लक एकच. ती आकड्यात दाखवा, तक्त्यात दाखवा किंवा आलेखात. दाखवण्याच्या दहा रीती असोत, शिल्लक मात्र दहा ठिकाणी लिहायची नाही.

ही वाटणी चार दशकांहून जास्त काळ टिकली आहे. पण इंटरफेस फार मोठा झाला की नुसती वाटणी पुरत नाही, हे फेसबुकच्या एका गाजलेल्या बगने दाखवून दिले. वरच्या पट्टीत एक न वाचलेला संदेश असल्याचा आकडा दिसे. माणूस उघडून पाही, तर नवे काहीच नसे. आकडा जाई आणि काही वेळाने परत येई. इंजिनियर दुरुस्ती करत, थोडे दिवस बरे जात, मग पुन्हा तीच तक्रार.

कारण रचनेत होते. 'किती संदेश वाचायचे राहिले' ही माहिती वरच्या पट्टीला हवी होती, चॅटच्या खिडकीला हवी होती आणि संदेशांच्या मुख्य पानालाही हवी होती. हे भाग एकमेकांना परस्पर निरोप देत होते. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याचा निरोप फिरून पहिल्याकडे आला. कोणी कोणाला कधी सांगितले याचा माग काढणे अशक्य झाले. २०१४ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी यावरचा आपला उपाय जाहीरपणे मांडला आणि त्याला 'फ्लक्स' नाव दिले. तो उपाय म्हणजे एकेरी मार्ग. माणसाने काही केले की त्याची नोंद एका ठरलेल्या वाटेने माहितीच्या भांडाराकडे जाते, भांडार स्वतःला बदलते आणि मग पडदे भांडाराकडे पाहून स्वतःला नव्याने रंगवतात. पडद्याने पडद्याला परस्पर काही सांगायचे नाही. गजबजलेल्या पेठेत रस्ता एकेरी केला की वळसा पडतो, पण गाडी कुठून आली हे सांगता येते, तसेच हे.

पडद्याने स्वतःला नव्याने रंगवायचे, ही कल्पना रिअॅक्ट या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची. जॉर्डन वॉक यांनी ती फेसबुकमध्ये तयार केली आणि मे २०१३ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. कल्पना समजायला क्रिकेटचा धावफलक पुरे. धाव निघाली की 'एककाची पाटी काढ, शून्य लाव, दशकाची बघ, शतक झाले तर तिसरी पाटी टांग' अशा सूचना देत बसायचे, हा जुना मार्ग. नव्या मार्गात फक्त सांगायचे, 'आता धावसंख्या १००.' कोणत्या पाट्या बदलायच्या ते फलक स्वतः पाहील. सूचनांचा क्रम चुकण्याची भीतीच जाते. पुढे धावफलकावर नवा रकाना आला तरी आधीच्या शेकडो सूचना तपासाव्या लागत नाहीत. 'या स्थितीत फलक असा दिसेल' हे एक विधान दुरुस्त केले की झाले.

जोते, वासे, कौले

सगळ्या गोष्टी सारख्या वेगाने बदलत नाहीत. स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ मध्ये इमारतींवर लिहिलेल्या पुस्तकात हे फार छान उलगडले. वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांच्या विचाराचा धागा पकडून त्यांनी इमारतीचे सहा थर सांगितले: जागा, सांगाडा, बाहेरचे आवरण, नळ-तारा, खोल्यांची मांडणी आणि सामानसुमान. प्रत्येक थराचे आयुष्य वेगळे. वेगाने बदलणारा थर संथ थरात चिणून टाकला, की इमारत माणसांना छळू लागते.

कोकणातल्या जुन्या घराला हे पुस्तक वाचावे लागले नसते. चिऱ्याचे जोते पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. खांब आणि तुळया आजोबांच्या हातच्या असतात. वासे आणि रिपा अधूनमधून बदलतात. कौले मात्र दर पावसाळ्याआधी उतरवून, झटकून, फुटकी वगळून पुन्हा रचायची; घर शाकारायचे. जमीन तर दर आठवड्याला सारवायची. कौल रिपेवर नुसते टेकलेले असते, चुन्याने चिकटवलेले नसते, म्हणूनच एक फुटले तर एकच काढता येते. शाकारणी शक्य व्हावी अशीच त्या छपराची घडण असते.

इंटरफेसचे थर असेच लावता येतात. व्यवहाराचे नियम, म्हणजे व्याज कसे मोजायचे, कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे, हे जोते. पडद्यावरचे ठोकळे, म्हणजे बटण, चौकट, यादी, तारखेचा रकाना, हे वासे आणि रिपा. यांना कॉम्पोनंट म्हणतात. रंग, अक्षराचा आकार, कोपऱ्याची गोलाई, मोकळी जागा ही कौले. आणि शब्द, चित्रे, सणासुदीच्या जाहिराती हे सारवण. ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २०१३ मध्ये कॉम्पोनंटच्या पातळ्यांना रसायनशास्त्रातून नावे दिली: लेबल हा अणू, लेबल, रकाना आणि बटण मिळून शोधपट्टीचा रेणू, अशा रेणूंतून पुढे पानाचा मोठा भाग. नावे कोणतीही असोत, लहानाने मोठ्याविषयी काही जाणू नये हा नियम महत्त्वाचा. आपण लॉगिनच्या पानावर आहोत की कर्जाच्या, हे बटणाला ठाऊक नसावे. ते ठाऊक झाले, की ते बटण त्या पानाचे बांधील होते आणि दुसरीकडे नेता येत नाही.

कौलांच्या थराची परीक्षा २०१९ मध्ये झाली. त्या वर्षी आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० या दोन्हींनी संपूर्ण फोनसाठी गडद रंगसंगती दिली. ज्या ॲपमध्ये 'पांढरा' हा रंग पडद्यापडद्यावर थेट लिहिलेला होता, तिथे गडद पडद्यावर मधूनच डोळे दिपवणारे पांढरे ठिगळ उरले. काही ठिकाणी काळ्यावर काळी अक्षरे आली. ज्यांनी रंगांना टोकन दिले होते, त्यांचे काम सोपे झाले. टोकन म्हणजे निर्णयाला दिलेले नाव. हा शब्द सेल्सफोर्स कंपनीतल्या डिझायनरांनी रूढ केला. कोडमध्ये 'पांढरा' असे न लिहिता 'पृष्ठभूमी' लिहायचे आणि पृष्ठभूमी दिवसा कोणती, रात्री कोणती, हे एका फाइलमध्ये ठरवायचे. बदलतो तो रंग. पृष्ठभूमी हा अर्थ कायम राहतो.

दिसायला सारखे, कारणाने वेगळे

इथे एक खड्डा आहे, आणि हुशार माणसेच त्यात जास्त पडतात. 'एक गोष्ट एकाच जागी' हा मंत्र डोक्यात भिनला, की दिसायला सारख्या सगळ्या गोष्टी एकत्र बांधाव्याशा वाटतात. समजा, एका बँकेच्या बोधचिन्हाचा रंग लाल आहे आणि चूक झाल्याची सूचनाही लाल अक्षरांत दाखवली जाते. लाल तो लाल, म्हणून दोघांना एकच टोकन दिले. पाच वर्षांनी बँकेने बोधचिन्ह निळे केले. दुसऱ्या दिवशी 'पासवर्ड चुकीचा आहे' ही सूचना शांत निळ्या रंगात झळकू लागली.

आज किंमत सारखी असणे वेगळे आणि गोष्ट एक असणे वेगळे. एकत्र काय बांधायचे हे ठरवताना विचारायचे ते एवढेच: उद्या यातले एक बदलले तर दुसऱ्यालाही बदलावेच लागेल का? उत्तर 'हो' असेल तर एक जागा, 'नाही' असेल तर दोन.

याच खड्ड्यातून सर्वगुणसंपन्न कॉम्पोनंट जन्मतात. एक चौकट तयार होते. कोणाला तिच्यात चित्र हवे असते, कोणाला नको. कोणाला बंद करण्याचे बटण हवे, कोणाला दोन बटणे. प्रत्येक मागणीगणिक तिला एक कळ जोडली जाते. काही वर्षांत तिला इतक्या कळा होतात, की कोणती दाबली तर काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही आणि सगळे तिला हात लावायला घाबरतात. त्यापेक्षा चौकट रिकामी ठेवावी आणि आत काय मांडायचे ते वापरणाऱ्यावर सोपवावे. जेवणाच्या ताटाला वाट्या जोडून दिलेल्या नसतात. वरणाला किती आणि आमटीला किती, हे वाढणारा ठरवतो. घाईने एकत्र बांधण्यापेक्षा दोनदा लिहिलेले परवडते. तिसऱ्यांदा तीच गोष्ट समोर आली, की तिचा खरा आकार कळलेला असतो. तेव्हा ती एकत्र करावी.

रुंदी गृहीत धरू नये

२००७ च्या पहिल्या आयफोनचा पडदा ३२० बिंदू रुंद होता. त्या काळातल्या कितीतरी वेबसाइट ९६० बिंदूंच्या रुंदीला ठोकून बसवलेल्या होत्या. अनेक संस्थांनी मग मोबाइलसाठी वेगळीच साइट काढली, म्हणजे प्रत्येक बदल दोनदा करणे आले. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली: रुंदी टक्क्यांत मोजा, चित्रे लवचीक ठेवा आणि पडद्याच्या मापानुसार मांडणीचे नियम बदला. एकच पान, सगळ्या पडद्यांसाठी.

त्यातही एक उणीव होती. कॉम्पोनंट विचारत होता, 'पडदा किती रुंद आहे?' खरे तर त्याने विचारायला हवे होते, 'मला जागा किती दिली आहे?' मोठ्या पडद्याच्या अरुंद कडेपट्टीत बसलेल्या कार्डाला पडद्याच्या रुंदीचा काय उपयोग? आपल्याला मिळालेल्या जागेनुसार स्वतःला मांडण्याची ही सोय, कंटेनर क्वेरी, २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. आता एकच कार्ड कडेपट्टीत उभे राहते आणि मधल्या मोकळ्या जागेत आडवे पसरते.

या सगळ्याच्या मुळाशी गेलो तर १९९१ मधले पहिले वेबपान सापडते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत लिहिलेले ते पान आजच्या फोनवर उघडले तरी त्यातल्या ओळी पडद्याच्या रुंदीत बसतात. त्यात कुठेही रुंदी लिहिलेली नाही. 'हे शीर्षक', 'हा दुवा' एवढेच त्यात सांगितले आहे. कसे दाखवायचे ते दाखवणाऱ्यावर सोडले होते, म्हणून तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या यंत्रावर ते आजही वाचता येते.

'पुणेला जाणारी बस'

भाषा हा बदल सर्वांत खोल जातो, आणि मराठी वाचकाला तो रोज टोचतो. इंग्रजीत प्रोग्रॅमर वाक्याचे तुकडे जोडतो: शहराचे नाव घ्यायचे आणि ठरलेले शब्द त्याच्या आगेमागे लावायचे. तीच रीत मराठीत आणली, की नावापुढे 'ला' चिकटतो. 'नाशिकला जाणारी बस' बरोबर जमते. मग 'पुणेला जाणारी बस' आणि 'साताराला जाणारी बस' येते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप होते: पुण्याला, साताऱ्याला. हे प्रोग्रॅमला कोणी सांगितलेच नव्हते.

लिंगाचेही तसेच. अर्ज मंजूर झाला, विनंती मंजूर झाली, कर्ज मंजूर झाले. 'मंजूर झाला' हा तुकडा कायम ठेवून त्याआधीचे नाम बदलत राहिले, तर तीनपैकी दोन वाक्ये चुकणार. मोजणीत एक तक्रार आणि पाच तक्रारी. अरबीत तर संख्येनुसार वाक्याची सहा रूपे सांभाळावी लागतात.

म्हणून जाणती रचना वाक्याचे तुकडे कोडमध्ये ठेवत नाही. पूर्ण वाक्ये वेगळ्या फाइलमध्ये राहतात, प्रत्येक भाषेची वेगळी, आणि संख्या-लिंगानुसार वाक्य निवडण्याची मुभा त्या भाषेच्या अनुवादकाला असते. मग भाषेची जाण असलेला माणूस मार्ग काढू शकतो. 'अमुक गटात आला की आली' असा पेच पडला, तर तो 'अमुक यांनी गटात प्रवेश केला' असे लिहितो. नाव अभंग राहते, लिंगाचा प्रश्न मिटतो आणि आदरही राखला जातो. 'पुणेला' टाळायला तो 'शेवटचा थांबा : पुणे' असे लिहितो. ही मोकळीक त्याला रचनेने दिली तरच मिळते. तुकड्यांची यादी हातात पडली, तर उत्तम अनुवादकही हतबल होतो.

अक्षरांचा देह हाही रचनेचाच प्रश्न. 'मूर्ती' या शब्दात खाली दीर्घ उकार आहे, वर वेलांटी आणि रफार आहे. रोमन अक्षरांवर बेतलेल्या ठरावीक उंचीच्या बटणात तो वरून किंवा खालून कापला जातो. उंची मजकुरावर सोडली की प्रश्न संपतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळे आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असली, तरी मजकूर मराठीत आहे ही खूण प्रोग्रॅमने द्यावी लागते. तेव्हाच फॉन्ट योग्य वळण निवडतो. १२,३४,५६७ हे आपले स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून नियम 'डावीकडे' असा न लिहिता 'सुरुवातीला' असा लिहावा लागतो. ही यादी लांबवता येईल, पण मुद्दा एकच: भाषा ही नंतर चढवायची कौले नव्हेत. तिची सोय जोत्यातच करावी लागते.

पाडायचे की शाकारायचे?

कितीही नीट बांधले तरी एक दिवस जुने नको होते. तेव्हा सगळे पाडून नवे बांधण्याचा मोह फार मोठा असतो. नेटस्केपने १९९८ मध्ये आपला ब्राउझर जवळपास मुळापासून नव्याने लिहायला घेतला. नवी आवृत्ती यायला २००० चा नोव्हेंबर उजाडला आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे सरकला होता. अँग्युलर या फ्रेमवर्कची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली, ती पहिलीशी न जुळणारी. जुन्या आवृत्तीचा आधार २०२१ च्या अखेरीस थांबला. दरम्यानच्या काळात जुन्यावर उभ्या असलेल्या संघांना हळूहळू सरकायचे की सगळे नव्याने लिहायचे, हा निर्णय घ्यावा लागला.

दुसरा मार्ग शाकारणीचा. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने आपल्या साइटमधून जेक्वेरी ही जुनी लायब्ररी काढली ती एका रात्रीत नव्हे. नव्या कोडमध्ये ती वापरायची नाही असे ठरवले, जुन्या जागा मोजत राहिले, एकेक कमी करत गेले आणि काही वर्षांनी, २०१८ मध्ये, ती पूर्ण निघाली. त्या सगळ्या काळात साइट चालू होती. मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीला झाडाची उपमा दिली आहे. ताडाच्या माथ्यावर वडाचे रोप रुजते, त्याची मुळे खोडाभोवती उतरत जमिनीला टेकतात आणि काळाने ताड नाहीसा झाला तरी वड स्वतःच्या मुळांवर उभा असतो. मात्र हे जमायला जुन्या आणि नव्या भागांमध्ये स्वच्छ सांधा लागतो. चुन्याने चिणलेल्या कौलांची शाकारणी होत नाही.

आणि सांधे शेवटी माणसांमध्येही असतात. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले, की संघटनेत माणसे जशी एकमेकांशी बोलतात तशीच त्यांच्या हातून घडणाऱ्या प्रणालीची रचना होते. तीन विभाग एकमेकांशी बोलत नसतील, तर एकाच ॲपमध्ये तीन तऱ्हेची बटणे दिसतात. ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये आपल्या सर्व खात्यांसाठी समाईक डिझाइन सिस्टिम खुली केली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. जन्मतारीख विचारायची तर दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन साधे रकाने, असे छोटे निर्णय तिथे एकदा नीट पारखून घेतले जातात आणि प्रत्येक खात्याला आयते मिळतात. समाईक कॉम्पोनंट टिकतात ते कोणीतरी त्यांची राखण करते म्हणून. गावच्या विहिरीचा गाळ काढायची पाळी कोणाची हे ठरलेले नसेल, तर विहीर सगळ्यांची असूनही पाणी कोणालाच मिळत नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, की हा प्रोग्रॅमर मंडळींचा घरचा प्रश्न आहे. मला तसे वाटत नाही. रचना चुकली की तिची किंमत पडद्याच्या अलीकडचा माणूस मोजतो. साठी ओलांडलेल्या बाई फोनमधली अक्षरे मोठी करतात, आणि त्यांच्या ॲपमधले 'पुढे जा' हे बटण पडद्याच्या बाहेर ढकलले जाते. त्यांनी केलेला बदल फार साधा होता, हक्काचा होता. पण कोणीतरी एका पडद्याची उंची गृहीत धरून ठेवली होती, म्हणून त्या निवृत्तिवेतनाच्या अर्जापाशी अडकून बसतात आणि चूक आपलीच असे समजून नातवाची वाट पाहतात.

तपासायचे असेल तर आपल्या फोनची भाषा मराठी करा, अक्षरे सर्वांत मोठी करा, गडद रंगसंगती लावा आणि रोजचे एखादे ॲप उघडा. जे पडदे तरीही वाचता येतील, त्यांच्यामागे कोणीतरी वर्षांपूर्वी, कोणी विचारले नसताना, 'ही गोष्ट कुठे ठेवू?' असा प्रश्न स्वतःला विचारलेला असतो.